बारावी होडी

माझी नोकरी नेमकी कसली होती, हे मालवणात मी कुणालाच नीट सांगू शकले नाही. माझी घरमालकीण गोदाकाकू शेजारणींना सांगायची, "ता चेडू कॉम्प्युटरार बसता." बसत होते हे खरंच होतं. बसून काय करते, असं कुणी पुढे विचारलं तर गोदाकाकू माझ्याकडे बघायची आणि मी विषय बदलायची. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगतानाच दमछाक व्हायची, त्यावर काम करण्याची रीत बदलण्यासाठी मला पगार मिळतो हे कुठून सांगणार?

मी मिठबावची. बी.एस्सी. करून चार वर्षं शाळेत गणित शिकवलं. आईवडील गेले, भाऊ मुंबईला. तेवढ्यात मच्छीमार सोसायट्यांच्या एका संघाची जाहिरात आली. देवगडपासून रेडीपर्यंतच्या सोसायट्या या संघात होत्या. होड्यांना बर्फ, डिझेल, जाळी, इंजिनाचे सुटे भाग पुरवायचं काम संघाचं. कुठल्याशा योजनेतून संघाला दोन कॉम्प्युटर मिळाले होते आणि त्यांच्यासाठी इमारतीतली एकुलती एक थंड खोली. पाहुणे आले की संचालक त्यांना आधी त्या खोलीत आणून बसवत. कॉम्प्युटर दाखवायला आणलंय असं म्हणत, पण खरं कारण गारवा हे होतं.

त्या खोलीचे मालक म्हणजे अण्णा. काशिनाथ परुळेकर, वय पन्नाशीच्या पुढे, आखूड बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मुंबईच्या एका गिरणीच्या हिशेब खात्यात कार्डं पंच करता करता ते कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले आणि गावाकडे परत आले. संघाचं सगळं कॉम्प्युटरचं काम त्यांनी एकट्याने उभं केलं होतं. तो प्रोग्रॅम छापला तर कागदाचा गठ्ठा माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. मला प्रोग्रॅमिंगची बाराखडी त्यांनीच शिकवली. चूक सापडली की ते रागावत नसत. खुर्ची मागे ढकलून म्हणत, "बघ, आता यंत्राच्या जागी तू बस. तुला जे सांगितलं तेवढंच कर, जास्त शहाणपणा करू नको." मग मी एकेक ओळ वाचत जायची आणि कुठेतरी थबकायची. तिथेच चूक असायची.

संघाला नवे कार्यकारी अधिकारी आले. ते घाटावरचे, शिकलेले, उत्साही. त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. पुण्यात कुठल्याशा परिसंवादात त्यांनी ऑब्जेक्ट पद्धतीबद्दल ऐकलं आणि परत येऊन जाहीर केलं की आपल्या संघाचं सगळं काम या पद्धतीवर न्यायचं. पुण्याला सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं आणि जागा एकच. अण्णांना मधुमेह होता, त्यांच्या हाताखालच्या वालावलकरचं नुकतंच लग्न ठरलं होतं. "मिठबावकर मॅडमना काय अडचण आहे?" साहेब म्हणाले. अडचण नव्हती. माझी वाट बघणारं घरात कुणीच नव्हतं.

ते सहा आठवडे फार सुखाचे गेले. परत आले आणि कळलं की जे शिकले ते बोलायला अख्ख्या जिल्ह्यात माणूस नाही.

थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अण्णांची पद्धत म्हणजे कामांची लांबलचक यादी. आधी हे कर, मग ते कर, हे असेल तर तिकडे जा. माहिती एका बाजूला फायलींत पडलेली आणि कामं दुसऱ्या बाजूला. कुठलंही काम उठून कुठल्याही माहितीत हात घालणार. त्यामुळे एका जागी बदल केला की दहा जागी मोडतोड. एकच होडी बर्फाच्या फायलीत वेगळी, डिझेलच्या फायलीत वेगळी, जाळ्यांच्या फायलीत आणखी वेगळी. नव्या पद्धतीत आधी होडीच तयार करायची. तिला काय काय माहीत आहे आणि ती काय काय करू शकते, हे तिच्यापाशीच ठेवायचं. कुणाला काही हवं असेल तर त्याने होडीला विचारावं, तिच्या पोटात हात घालू नये. किनाऱ्यावरून ओढायच्या रापण जाळ्याची होडी वेगळी आणि ट्रॉलर वेगळा, पण दोन्ही होड्याच. त्यामुळे जे सगळ्या होड्यांचं सारखं आहे ते एकदाच लिहायचं, आणि वेगळं आहे तेवढंच वेगळं.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत ऐकत होते.

"म्हणजे होडीला विचारायचं, तू कुठे आहेस?"

"हो."

"आणि ती सांगणार?"

"तिला माहीत असेल तर सांगेल."

"आणि तिला चुकीचं माहीत असेल तर?"

मी म्हणाले, मग ती चूक एकाच जागी सापडेल, दहा ठिकाणी शोधावी लागणार नाही. हे अगदी पुस्तकातलं उत्तर होतं. अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बरं आहे. कर तू," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून काहीतरी बदललं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. चार वाजता अण्णा चहाला उठत तेव्हा माझ्या टेबलावर बोटांनी दोनदा वाजवत, ते थांबलं. साहेबांनी नव्या कामासाठी मला वेगळा कॉम्प्युटर दिला आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावला. वालावलकर आणि दुसरा एक प्रोग्रॅमर अण्णांच्या बाजूला. मी भिंतीकडे तोंड करून. वालावलकरला शिकवायचा प्रयत्न केला. तो समजूतदार मुलगा, मान डोलवायचा आणि मग विचारायचा, "पण मॅडम, प्रोग्रॅम सुरू कुठून होतो?" तो प्रश्न मलाही पुण्यात पडला होता. तिथे उत्तर द्यायला माणसं होती.

वर्षभर मी जवळजवळ कुणाशी न बोलता काम केलं. अडलं तर पुण्याला ट्रंककॉल लावायचा आणि दुपारभर वाट बघायची. बहुतेक वेळा ज्यांच्याशी बोलायचं ते जागेवर नसत. घरी गेले की गोदाकाकू माशाची कढी वाढायची आणि विचारायची, "आज काय केलंस गो?" मी सांगायची, "होडी केली." ती म्हणायची, "काल पण होडीच केललंस." यावर मला पहिल्यांदा हसू आलं होतं, नंतर नंतर येईनासं झालं.

नवं काम तयार झालं तेव्हा अण्णांच्या फायलींतली माहिती त्यात आणायची होती. इथे मला माझ्या पद्धतीचा खरा अभिमान वाटला. जुन्या फायलींत एकच होडी दोन-दोन, तीन-तीनदा पडलेली. नाव तेच, नोंदणी क्रमांक तोच, बर्फ उचलायची कार्डं मात्र दोन. मी एकेक जोडी शोधून त्यांची एक होडी केली. एक होडी, तिची एक जागा. महिनाभर ते करत होते. संपलं तेव्हा यादी इतकी स्वच्छ दिसत होती की मी ती छापून नुसती बघत बसले.

अण्णा माझ्या मागून गेले. थांबले. "जोडल्यास का दोन कार्डवाल्या?"

"हो, सगळ्या. त्या एकाच होडीच्या दुबार नोंदी होत्या."

"सगळ्या?" ते म्हणाले. मी मागे वळून पाहिलं तोवर ते आपल्या टेबलाकडे निघाले होते. मला वाटलं, मत्सर. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण मला तेव्हा तसंच वाटलं होतं.

साहेबांनी ठरवलं की काही महिने जुनं आणि नवं दोन्ही चालवायचं आणि मग जुनं बंद करायचं. दोन्हींकडे सोसायट्यांतून येणाऱ्या चिठ्ठ्या भरल्या जात. बर्फाची चिठ्ठी आली म्हणजे होडी समुद्रात गेली. मासळी वजन केल्याची चिठ्ठी आली म्हणजे होडी परतली. यातून आम्हाला हवा होता बर्फाचा अंदाज. समुद्रात कोण आहे हे त्यातून कळतं, याकडे एरवी कुणाचं लक्ष नसे.

दिवाळीला पंधरा-वीस दिवस होते. सकाळपासून वारं फिरलं होतं. रेडिओवर वादळाची सूचना लागली. अकराच्या सुमाराला बंदर कार्यालयातून फोन आला. ज्या होड्या बाहेर आहेत त्यांची नावं आणि माणसं कळवा, शोधाला बोट निघते आहे. साहेब स्वतः खोलीत आले. सोसायट्यांना फोन लावून त्या दिवसाच्या चिठ्ठ्या घेतल्या, दोन्हीकडे भरल्या आणि दोन्ही याद्या काढल्या.

माझ्या यादीत अकरा होड्या होत्या. अण्णांच्या यादीत बारा.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "ही एक जास्तीची कुठली?"

"सातेरी प्रसाद. तारकर्लीची," अण्णा म्हणाले.

मी माझ्या कॉम्प्युटरवर बघितलं. सातेरी प्रसाद सकाळी आठला परत आली होती. मासळी वजन झाल्याची चिठ्ठी होती. "ती आलीय," मी म्हणाले. "अण्णांच्या फायलीत ती दोनदा आहे. एक कार्ड आलं, दुसरं उघडंच राहिलं. ती दुबार नोंद आहे."

"दुबार नाही," अण्णा म्हणाले.

"क्रमांक एकच आहे, अण्णा. नाव एकच आहे."

"असेल. होड्या दोन आहेत."

"तुम्ही बघितल्यात?" साहेबांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "कुणीतरी मागे सांगितलं होतं. म्हणून मी दोन कार्डं वेगळी मोजतो. कुणी सांगितलं ते आता आठवत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "माझी यादी बरोबर आहे."

हे चार शब्द मी बोलले आणि अकरा नावं फोनवरून बंदर कार्यालयाला गेली.

अण्णांनी खुंटीवरचा रेनकोट काढला आणि स्कूटर घेऊन बाहेर पडले. तोपर्यंत पाऊस आडवा यायला लागला होता. खिडकीतून बघितलं तर माड जमिनीकडे वाकत होते. मधुमेहाचा माणूस, जेवलेलाही नव्हता. वालावलकर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तारकर्लीला गेले असणार." मी पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. सातेरी प्रसादला विचारलं. तिने सांगितलं, सकाळी आठला आले. दहा वेळा विचारलं आणि दहा वेळा तेच उत्तर आलं.

दोन तासांनी अण्णा परतले. अंगातून पाणी गळत होतं. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक ओला कागद काढला आणि साहेबांच्या खोलीकडे न जाता माझ्या टेबलावर ठेवला. शाई पसरली होती, पण नावं वाचता येत होती. चार माणसांची नावं.

"दोन आसत गो," ते म्हणाले. ऑफिसात ते कधी मालवणीत बोलत नसत. "जुनी इकली, नवी बांधली. सकाळी इली ती जुनी. नवी येवक नाय. तुझ्या यादीखाली लिही आणि फोन कर."

"साहेबांना सांगायला हवं."

"आधी फोन कर."

मी यादीखाली हाताने बारावं नाव लिहिलं आणि फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "हे आत्ता कसं सापडलं?" मी म्हणाले, "पुन्हा तपासलं." अण्णा खुर्चीत बसून टॉवेलने डोकं पुसत होते. त्यांनी ऐकलं.

वादळ दीड दिवस होतं. अकरा होड्या एकेक करून आल्या किंवा सापडल्या. सातेरी प्रसादचा पत्ता नव्हता. शोधाची बोट आधी वरच्या बाजूला, देवगडकडे गेली होती, कारण पहिल्या यादीतल्या बऱ्याच होड्या वरच्या बाजूच्या होत्या. ते दोन तास मी मनात शंभरदा मोजले. त्या दोन दिवसांत मी काय खाल्लं, कुणाशी बोलले, काही आठवत नाही. गोदाकाकू दारात येऊन उभी राहायची आणि परत जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. इंजिन बंद पडून होडी दक्षिणेला वाहत गेली होती आणि आरोंद्याच्या खाडीत शिरली होती. चौघेही जिवंत होते. एकाचा हात मोडला होता.

दुसऱ्या दिवशी मी तारकर्लीला गेले. मला दोन होड्या डोळ्यांनी बघायच्या होत्या. जुनी खाडीत नांगरलेली होती, नवी अजून आरोंद्यालाच. नव्या होडीच्या म्होरक्याची, तांडेलाची बायको, सुमन तिचं नाव, माडाखाली सुकी मासळी पालटत होती. मी संघातून आले म्हटल्यावर तिने गोणपाट झटकून मला बसायला दिलं.

"विकलेली जुनी आणि ही नवी, दोन्ही होड्यांवर एकच नंबर कसा?" मी विचारलं.

"नवी रंगवली, आता नंबर घालूक व्हयो ना? नवो नंबर येवक नाय. म्हणान जुनोच घातलो. ज्यांका इकली तेंनी पण जुनो नंबर पुसूक नाय."

"आणि नाव?"

"नाव बदलतत काय? आमची देवी ती."

मी सांगून टाकलं. माझ्या यंत्रात मी या दोन होड्यांची एक केली होती. त्यामुळे पहिल्या यादीत तुमची होडी नव्हती. दोन तास तिला कुणी शोधत नव्हतं.

ती हातातली मासळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. तिला ते नीट कळेना.

"अगो, पण होडयेत माणसां आसत ना," ती म्हणाली. "एक कशी करतलंस?"

तिने पेज घ्यायचा आग्रह केला. मी नको म्हणून निघाले आणि एसटीची वाट बघत तासभर रस्त्यावर उभी राहिले.

आठवड्याभराने संचालक मंडळाची बैठक होती. बारावं नाव कुठून आलं हे साहेबांना खरोखर माहीत नव्हतं; पुन्हा तपासल्यावर माझ्या कॉम्प्युटरनेच ते दिलं, असं त्यांनी धरलं होतं. त्यांच्या समोर होती ती शेवटची यादी, बारा नावांची, माझ्या सहीची. ते बैठकीत म्हणाले, "नव्या पद्धतीची कसोटी वादळात लागली. बाराच्या बारा होड्या या यादीत होत्या." टाळ्या झाल्या. सगळी कामं नव्या पद्धतीवर नेण्याचा आणि जुना प्रोग्रॅम कायमचा बंद करण्याचा ठराव झाला. अण्णा मागच्या रांगेत बसले होते. मी उभी राहून सांगायला हवं होतं की बारावं नाव कॉम्प्युटरने दिलं नाही. एक माणूस पावसात जाऊन ते घेऊन आला, आणि त्याच्या जुन्या प्रोग्रॅमला ते आधीपासून माहीत होतं.

मी उभी राहिले नाही. वर्षभर भिंतीकडे तोंड करून केलेलं काम एका वाक्यात जाईल, ही भीती वाटली. बैठक संपल्यावर वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटलं, उद्या. चार दिवसांनी सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, माणसं वाचली ना? आता ठराव झालाय." आणि त्यांनी पुढची फाईल ओढली.

अण्णांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मुलगा वसईला होता, तिकडे जातो म्हणाले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुझी पद्धत चांगली आहे, नलिनी. मी मुद्दाम वाचली ती, तू नसताना. मला आधी मिळाली असती तर मीही तेच केलं असतं. फक्त माझ्या ओळी टाकून देण्याआधी विचार, ती ओळ तिथे का आहे." कागदाचा तो गुडघ्याएवढा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलाखाली ठेवला आणि गेले.

निरोप समारंभात मी भाषण केलं नाही. केलं असतं तर खोटं झालं असतं.

पुढची दोन वर्षं फार एकटीची होती. वालावलकर मुंबईला गेला, दुसरा आखातात. मी एकटी त्या थंड खोलीत. एकेक काम नव्या पद्धतीत लिहायचं आणि अण्णांच्या गठ्ठ्यातली एकेक ओळ समजून घ्यायची. अण्णा प्रोग्रॅममध्ये खुलासे लिहीत नसत. प्रोग्रॅममध्ये अशा ओळी लिहिता येतात की ज्या यंत्र सोडून देतं, त्या पुढच्या माणसाने वाचायच्या असतात. अण्णांना वाटायचं, पुढचा माणूस म्हणजे आपणच. त्यामुळे कुठेही एखादी विचित्र अट असायची आणि कारण नाही.

मी त्यांना अंतर्देशीय पत्रं लिहायला लागले. ओळीचा क्रमांक आणि प्रश्न, एवढंच. त्यांची उत्तरं सुंदर अक्षरात यायची.

"बर्फाच्या भागातली ती अट. त्या गावात देवीच्या जत्रेला कुणी समुद्रात जात नाही, पण जत्रेत सरबताला बर्फ लागतो आणि तो होडीच्या कार्डावर घेतात. त्या दिवशीच्या चिठ्ठ्या धरू नयेत."

"त्या तांडेलाची दोन कार्डं दोन गावांत आहेत. दोन्ही खरी आहेत. घरंही दोन आहेत. यावर जास्त विचारू नये."

"डिझेलमध्ये एका होडीला नेहमी जास्त दाखवलंय. ती आजारी माणसांना खाडीपलीकडे नेते. संघाच्या माजी अध्यक्षांनी तोंडी सांगितलं होतं. लेखी काही नाही."

मी प्रत्येक उत्तर नव्या कामात घातलं. माझ्या होड्यांना हळूहळू गावं आली, जत्रा आल्या, आजारी माणसं आली. पुण्यात शिकवलेल्या पद्धतीत हे कुठेच नव्हतं आणि त्या पद्धतीमुळेच ते नीट बसवता येत होतं. हे समजलं तेव्हा सांगावंसं वाटलं ते फक्त अण्णांना. पत्रात लिहिलं. उत्तर आलं, "माहीत होतं मला."

शेवटी एक ओळ उरली. वर्षातून एकदा जुन्या फायली साफ होत. ज्या होडीच्या कार्डाचं नूतनीकरण झालं नाही, ती काढून टाकायची. त्यात एक अट होती की एक ठरावीक क्रमांक आला तर त्याला हात न लावता पुढे जायचं. मी तो क्रमांक शोधला. त्या होडीला बर्फाची शेवटची चिठ्ठी कित्येक वर्षांपूर्वी होती. त्यानंतर मासळीची चिठ्ठी नाही, डिझेल नाही, काही नाही. मी अण्णांना लिहिलं.

या वेळी उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी पाकीट आलं, अक्षर वेगळं. अण्णांच्या सुनेने लिहिलं होतं. अण्णा गेले होते. तुमचं पत्र त्यांच्या उशाशी होतं, उत्तर द्यायचं म्हणत होते, पण हात चालत नव्हता. मग तिने लिहिलं होतं, "तुम्ही विचारलेला होडीचा नंबर मी यांना दाखवला. हे म्हणाले, तो धाकट्या काकांच्या होडीचा. काका बाहेर गेले ते परत आले नाहीत. होडीही मिळाली नाही. आजीने शेवटपर्यंत त्यांचे दिवस घालू दिले नाहीत. अण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत."

त्या दिवशी मी खोलीचं दार लावून घेतलं. दुपार होती, बाहेर बर्फाच्या कारखान्याचं यंत्र चालू होतं. नव्या कामात अशा होडीला जागा नव्हती. कार्ड नाही, मालक नाही, इंजिन नाही. नियमाप्रमाणे ती पहिल्याच साफसफाईत गेली असती. मी तिच्यापुरता वेगळा नियम लिहिला. पुढे ज्यांनी माझ्या जागी काम केलं त्यांना तो सापडला असेल. त्यांनी तो ठेवला की काढला, मला माहीत नाही.

नियमाच्या शेजारी मी खुलासा लिहिला. त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत, पण मराठीतच लिहिला: ही होडी काढू नये. काशिनाथ परुळेकर यांच्या भावाची आहे. अजून आलेली नाही.